गुलाबी रंग म्हणजे एनओ नव्हे: धातू संकुलातून प्रकाशाने सुटणारा नायट्रिक ऑक्साइड कसा मोजावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रुथेनियम धातूचं, बायपिरिडीन गटातलं नायट्रोसिल संकुल (धातूला एनओ, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, बांधलेला रेणू), १०० मायक्रोमोलर, पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीचा प्रकाश दहा मिनिटं दिला, तर ग्रीस चाचणीत गडद गुलाबी रंग आला. द्रावणातला मोकळा एनओ मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचा काटा मात्र जेमतेम हलला, आणि अंधारात ठेवलेल्या नमुन्यातही फिकट गुलाबी दिसलं. प्रकाशाने एनओ खरोखर सुटतोय का, आणि सुटत असेल तर किती?

आधी ग्रीस चाचणीकडे पाहू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ५ टक्के फॉस्फोरिक आम्लातलं १ टक्का सल्फानिलामाइड आणि ०.१ टक्का नॅफ्थिलएथिलीनडायअमाइन हे मिश्रण नायट्राइट ओळखतं, एनओ नाही. ५४० नॅनोमीटरच्या आसपास जे शोषण वाचता ते नायट्राइटचं. हवा असलेल्या पाण्यात एनओ ऑक्सिजनशी अभिक्रिया करून जवळजवळ पूर्णपणे नायट्राइट होतो, म्हणून ही चाचणी चालते. पण तोच रंग आणखी तीन वाटांनी येऊ शकतो. संकुलावरचा नायट्रोसिल बफरमध्येच नायट्रो (एका ऑक्सिजनची भर पडलेला एनओ) झाला आणि पुढे नायट्राइट म्हणून गळला, ही एक वाट. आम्लात धातूला बांधलेला, धन प्रभाराचा नायट्रोसिल सल्फानिलामाइडच्या अमाइनवर थेट गेला, म्हणजे एनओ मोकळा न होताच डायझो (गुलाबी रंगाच्या आधीचा टप्पा) तयार झाला, ही दुसरी. आणि रंग येण्यासाठी ठेवलेली दहा मिनिटं नमुना ट्यूबलाइटखाली होता, ही तिसरी. ती सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगी.

तुमच्या संकुलाच्या बाबतीत माझा पहिला संशय पहिल्या वाटेवर आहे. या गटात रुथेनियम अधिक दोन आणि नायट्रोसिल अधिक एक असं विद्युतप्रभाराचं औपचारिक वाटप धरलं जातं. १९७४ मध्ये एनेमार्क आणि फेल्थम यांनी मांडलेल्या पद्धतीने मोजलं तर धातूचे डी इलेक्ट्रॉन आणि एनओचे पाय-तारांकित (π*) कक्षेतले इलेक्ट्रॉन मिळून सहा होतात. अशा नायट्रोसिलचा नायट्रोजन इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो. दोन हायड्रॉक्साइड आयन त्याच्यावर आले की नायट्रोसिलचा नायट्रो होतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हे सहज होईल का, याचा ढोबळ अंदाज अवरक्त वर्णपटातून येतो: एनओची पट्टी १९०० प्रति सेंमीच्या बरीच वर असेल, तर बफरमध्ये हा धोका धरूनच चालावं. बायपिरिडीनसारखे इलेक्ट्रॉन ओढणारे लिगंड (धातूला बांधलेले रेणू) पट्टी वर नेतात, आणि त्यांच्यापैकी काही संकुलं पीएच ७.४ ला मोठ्या प्रमाणात नायट्रो रूपातच असतात.

याची तपासणी अर्ध्या दिवसाची आहे. संकुल पीएच २ च्या आम्लात, पीएच ५ च्या बफरमध्ये आणि पीएच ७.४ च्या बफरमध्ये विरघळवा, क्युव्हेट (मोजमापाची पारदर्शक नळी) फॉइलने गुंडाळा आणि दर १५ मिनिटांनी दोन तास वर्णपट घ्या. ७.४ ला ४०० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोषण वाढत गेलं, द्रावण पिवळं-नारिंगी झालं आणि पुन्हा आम्ल घातल्यावर ते मागे फिरलं, तर नायट्रो तयार होतोय हे निश्चित. मग ४५० नॅनोमीटरचा प्रकाश ज्या रेणूत शिरतो तो तुमचा नायट्रोसिल नाहीच. अंधारातला फिकट गुलाबी रंगही बहुधा यातूनच येतो. अशा वेळी प्रकाशाचे प्रयोग पीएच ५ किंवा त्याखाली करा, नाहीतर बायपिरिडीनऐवजी इलेक्ट्रॉन देणारा लिगंड असलेलं संकुल निवडा.

आता इलेक्ट्रोड आणि ग्रीस यांच्यातली तफावत. इथे थोडं गणित केलं की बरंच उलगडतं, आणि हे गणित प्रयोगाआधीच करायला हवं.

४५० नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनची ऊर्जा सुमारे २६६ किलोज्यूल. क्युव्हेटवर पडणारी शक्ती १०० मिलिवॉट असेल तर दर सेकंदाला साधारण ३७६ नॅनोमोल फोटॉन येतात. त्यातले किती शोषले जातात हे ॲब्सॉर्बन्सवर (द्रावणाच्या प्रकाश शोषण्याच्या मापावर) ठरतं: ॲब्सॉर्बन्स ०.१ असेल तर २१ टक्के, १ असेल तर ९० टक्के. तुमच्या संकुलाचं ४५० ला ०.१ धरू, म्हणजे ७७ नॅनोमोल शोषले गेले. क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे सुटणारे एनओ) ०.०२ मानलं तर सेकंदाला दीड नॅनोमोल एनओ, ३ मिलिलिटरमध्ये सेकंदाला ०.५ मायक्रोमोलर. याच वेगाने दहा मिनिटांत ३०० मायक्रोमोलर एनओ व्हायला हवा, आणि संकुल आहे १००! म्हणजे दहा मिनिटांचा प्रकाश हा मोजमापाचा प्रयोगच राहत नाही. पहिले २० सेकंद, म्हणजे साधारण १० टक्के रूपांतर, एवढाच भाग क्वांटम यील्डसाठी वापरता येतो. त्यापुढे प्रकाशोत्पादनं स्वतःच प्रकाश शोषू लागतात आणि आकडा फसवा होतो.

दुसरा भाग ऑक्सिजनचा. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात २५ अंशाला सुमारे २५० मायक्रोमोलर ऑक्सिजन असतो. एनओचं ऑक्सिडीकरण एनओच्या सांद्रतेच्या वर्गावर चालतं, वेग-स्थिरांक सुमारे २० लाख प्रति मोलर वर्ग प्रति सेकंद, आणि एका ऑक्सिजनमागे चार एनओ खर्च होतात. यातून निघणारी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: एनओ १०० मायक्रोमोलर असेल तर तो पाच सेकंदांत निम्मा होतो, पण १ मायक्रोमोलर असेल तर निम्मा व्हायला आठ मिनिटांहून अधिक लागतात. ‘पाण्यात एनओ काही सेकंदच टिकतो’ हे विधान म्हणूनच सांद्रता सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

हे दोन्ही भाग जोडा. सेकंदाला ०.५ मायक्रोमोलर सुटतोय आणि ऑक्सिजन खातोय, तर अर्ध्या-एक मिनिटात एनओची पातळी १५ मायक्रोमोलरच्या आसपास स्थिरावली पाहिजे. ढवळल्यामुळे थोडा वायू वर निसटेल, आणखी थोडा प्लास्टिक शोषेल, तरी काही मायक्रोमोलर राहायलाच हवा. नॅनोमोलर पातळी ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडला एवढं दिसलं नाही, तर ग्रीसमध्ये दिसलेलं नायट्राइट मोकळ्या एनओतून आलेलं नाही, किंवा फार हळूहळू आलेलं आहे. दोन साधनं एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा त्यांची सरासरी काढू नका. जुळत नाहीत हीच तुमची सर्वांत मोलाची माहिती.

अर्थात इलेक्ट्रोडही निर्दोष नाही. आधी त्याचं कॅलिब्रेशन: ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्ल आणि ०.१ मोलर पोटॅशियम आयोडाइडच्या मिश्रणात ज्ञात सांद्रतेचं सोडियम नायट्राइट थेंबाथेंबाने घाला. आयोडाइड भरपूर असल्याने प्रत्येक नायट्राइटमागे एक एनओ मिळतो. द्रावण आधी आर्गॉनने वीस-तीस मिनिटं फुगवून ऑक्सिजन काढा, नाहीतर मोठ्या मात्रांचा आलेख वाकतो. तापमान प्रयोगाचं आणि कॅलिब्रेशनचं एकच ठेवा. दोन-तीन अंशांच्या फरकानेही पायारेषा सरकते. मग फक्त बफरमध्ये टोक बुडवून एलईडी सुरू-बंद करा. संकेत प्रकाशाबरोबर झटक्यात उडी मारत असेल आणि बंद केल्यावर तसाच झटक्यात खाली येत असेल, तर तो टोकावर पडलेल्या प्रकाशाचा परिणाम आहे. खरा एनओ चढायला काही सेकंद घेतो आणि प्रकाश बंद झाल्यावर वक्र रेषेत सावकाश उतरतो. टोक प्रकाशझोताच्या बाहेर, पण ढवळलेल्या द्रावणात ठेवा. शेवटी, चढलेल्या संकेतावर ऑक्सिहिमोग्लोबिन घाला: एनओ असेल तर संकेत लगेच कोसळतो, आणि वर्णपटात मेटहिमोग्लोबिन दिसतं. एवढी एक कसोटी घेतली तरी समीक्षकाच्या निम्म्या शंका संपतात.

तुमच्याकडे केमिल्युमिनिसन्स विश्लेषक उपलब्ध असेल तर इलेक्ट्रोडपेक्षा तो बरा. द्रावणातून आर्गॉन सोडून एनओ बाहेर नेला जातो आणि ओझोनशी अभिक्रिया झाल्यावर निघणारा लाल-अवरक्त प्रकाश मोजला जातो. संकुल मागेच राहतं, त्यामुळे नायट्रो आणि नायट्रोसिल यांचा गोंधळ या पद्धतीत येतच नाही.

फोटॉन मोजल्याशिवाय क्वांटम यील्ड लिहू नका. एलईडीवर छापलेली वॅट संख्या म्हणजे क्युव्हेटवर पडणारा प्रकाश नव्हे. निळ्या प्रकाशासाठी पोटॅशियम फेरिऑक्सलेटचं ॲक्टिनोमीटर (प्रकाशाने किती लोह बदललं त्यावरून फोटॉन मोजणारं द्रावण) वापरा. ३६५ नॅनोमीटरला ०.००६ मोलर पुरतं: २.९५ ग्रॅम त्रिजलीय क्षार, ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लात, एक लिटर, यील्ड १.२१. ४३० च्या पुढे ते प्रकाश पुरेसा शोषत नाही, म्हणून ०.१५ मोलर घ्यावं लागतं. ४३६ ला यील्ड सुमारे १.०१ आहे आणि तरंगलांबी वाढेल तसं ते घसरतं. ३ मिलिलिटरला प्रकाश द्या, ढवळा, त्यातलं १ मिलिलिटर काढा, फिनॅन्थ्रोलिन आणि ॲसिटेट बफर घालून १० मिलिलिटर करा, अंधारात तासभर ठेवा आणि ५१० नॅनोमीटरला वाचा; मोलर शोषणांक ११,१००. वरच्या १०० मिलिवॉटच्या हिशेबाने पाच सेकंदांत ॲब्सॉर्बन्स ०.७ च्या जवळ येतं, त्यामुळे इथेही मिनिटांची गरज नाही. द्रावण तयार करताना लाल दिव्यात काम करा. साध्या दिव्याखाली ते आपोआप बिघडतं आणि शून्य-नमुना गुलाबी-नारिंगी येतो. ५०० नॅनोमीटरच्या पलीकडे फेरिऑक्सलेट कामाचं नाही. तिथे राइनेके क्षार किंवा कॅलिब्रेट केलेला पॉवर मीटर लागतो.

आपली सगळी मांडणी बरोबर आहे ना, हे पाहायला सोडियम नायट्रोप्रुसाइडसारखा (लोहाचं नायट्रोसिल संकुल) सोबती नाही. त्याची एनओ पट्टी १९४५ प्रति सेंमीला, आणि ४३६ नॅनोमीटरला यील्ड सुमारे ०.१८. शोषण मात्र फारच क्षीण: ३९४ नॅनोमीटरला मोलर शोषणांक जेमतेम २०. म्हणून मायक्रोमोलर द्रावणात काही दिसणार नाही, १० मिलिमोलर घ्या. थायॉल (गंधक-हायड्रोजन गट) असलेल्या माध्यमात ते अंधारातही एनओ देतं आणि त्यात पाच सायनाइड आहेत, हे विसरू नका. त्याचा कचरा आम्लापासून वेगळा ठेवा. रुग्णालयात याच्या सलाइनला अपारदर्शक आवरण का घालतात याचं उत्तरही प्रकाशातच आहे.

क्वांटम यील्ड कमी आलं म्हणजे बंध तुटत नाही असा अर्थ काढण्याची घाई नको. बंध तुटतो, पण एनओ पुन्हा धातूला चिकटतो, असंही असतं. हीम लोहाच्या नायट्रोसिलमध्ये ही परतफेर इतकी वेगवान असते की निव्वळ उत्पन्न नगण्य दिसतं. याचं सर्वांत सुंदर उदाहरण क्रोमियमचं आहे. सायक्लॅम लिगंड आणि दोन नायट्राइट असलेल्या क्रोमियम तीनच्या संकुलात प्रकाशाने धातू-ऑक्सिजन बंध तुटत नाही, तुटतो तो नायट्राइटच्या आतला ऑक्सिजन-नायट्रोजन बंध. एनओ सुटतो आणि क्रोमियम चारचा ऑक्सो (धातूला एकटा ऑक्सिजन बांधलेलं रूप) उरतो. हवेत यील्ड ४३६ नॅनोमीटरला सुमारे ०.२७ येतं, पण ऑक्सिजन काढून टाकला की जवळजवळ काहीच बदल दिसत नाही, कारण एनओ आणि ऑक्सो लगेच पुन्हा जुळतात. हवेत ऑक्सिजन त्या क्रोमियमला पुढे पाचवर नेतो आणि परतीची वाट बंद होते. म्हणून तुमचा प्रयोग हवेत आणि आर्गॉनमध्ये असा दोन्हीकडे करा. आर्गॉनमध्ये बंद क्युव्हेट ठेवून एक मोजमाप, आणि प्रकाश देतानाच आर्गॉन सतत सोडून दुसरं. वाहत्या आर्गॉनमध्ये यील्ड वाढलं तर परतफेर होते हे सिद्ध झालं.

दुसऱ्या टोकाने, म्हणजे धातूच्या बाजूनेही हिशेब जुळवा. संकुल किती गेलं, एनओ किती मिळाला आणि धातूचं उत्पादन किती झालं या तीन आकड्यांत मेळ बसला पाहिजे. प्रकाशाने धातूकडून एनओकडे इलेक्ट्रॉन सरकतो, एनओ रॅडिकल म्हणून निघतो आणि त्याच्या जागी पाणी बसतं. रुथेनियम मागे तीन अवस्थेत राहतं. अवरक्त वर्णपटात एनओची पट्टी मावळताना दाखवा. ती पट्टी एनओचीच आहे हे नायट्रोजन-१५ वापरून ठरतं: १९०० ची पट्टी १८६६ च्या जवळ सरकली पाहिजे. सायनाइड, कार्बोनिल किंवा अमाइडच्या पट्ट्या शेजारी असलेल्या संकुलात ही खातरजमा टाळू नये.

घन अवस्थेत मोजत असाल तर आणखी एक सापळा. अतिशीत तापमानाला नायट्रोप्रुसाइडच्या स्फटिकावर प्रकाश टाकला की एनओ सुटत नाही, उलटा होऊन ऑक्सिजनच्या टोकाने किंवा आडवा बांधला जातो. अवरक्त पट्टी खाली सरकते आणि मूळ पट्टी कमी होते. तापमान वाढवलं की सगळं मूळपदावर येतं. पट्टी कमी झाली एवढ्यावरून सुटका झाली असं म्हणू नये, ते यासाठी.

तरंगलांबीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे पेशींवर जायचं असेल तर तो येणारच. साधी रुथेनियम नायट्रोसिलं अतिनील किंवा जेमतेम निळा प्रकाश घेतात. ती अंधारात टिकाऊ असतात, पण हा प्रकाश ऊतकात फार आत जात नाही आणि पेशींना स्वतःच इजा करतो. दृश्य प्रकाशासाठी मँगनीज उत्तम. पाच नायट्रोजनने धरणाऱ्या कार्बॉक्सामाइड लिगंडचं, पॅपी३ या नावाने ओळखलं जाणारं मँगनीज नायट्रोसिल ५०० ते ६५० नॅनोमीटरच्या प्रकाशात चांगल्या यील्डने एनओ देतं. त्याची एनओ पट्टी १७४५ प्रति सेंमीला, म्हणजे हायड्रॉक्साइडचा धोका कमी. आधी ते प्रतिचुंबकीय असतं, त्यामुळे एनएमआर स्वच्छ मिळतो. प्रकाशानंतर मँगनीज दोनची सहा रेषांची ईपीआर (अयुग्मित इलेक्ट्रॉन ओळखणारा वर्णपट) खूण उमटते. त्याच लिगंडचं लोह संकुल पाण्यात टिकत नाही, हेही धातू निवडताना ध्यानात घ्या. लाल प्रकाश शोषणाऱ्या संकुलासाठी अंधारखोलीतला लाल दिवा कुचकामी, हे साधं पण हमखास विसरलं जाणारं सत्य. तिथे जवळजवळ पूर्ण अंधारातच वजन करावं लागतं. यातली बरीच संकुलं स्फोट होऊ शकणारे परक्लोरेट क्षार म्हणून मिळतात. कोरडे स्फटिक खरवडू नका, तापवू नका, आणि शक्य असेल तर टेट्राफ्लुओरोबोरेट घ्या.

डाय-अमिनो-फ्लुओरेसीन या चमकणाऱ्या रंगाच्या चमकीवर भर देऊन पेशींचे प्रयोग केले जातात. तो रंगही एनओशी थेट बोलत नाही. ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन तयार झालेल्या उत्पादनांशी बोलतो, आणि स्वतः निळा प्रकाश शोषतो. ४५० च्या एलईडीखाली तो आधीच घातला तर संकुल नसतानाही चमक वाढते. प्रकाश देऊन झाल्यावर तो घाला, किंवा संकुलाशिवायचा प्रकाशित नमुना शेजारी ठेवा. माध्यमातलं रायबोफ्लेविन आणि फिनॉल रेड हेही निळा प्रकाश खातात, तेव्हा प्रकाश देताना साधं बफर वापरा.

पेशी मेल्या तर त्या एनओमुळेच मेल्या, हे दाखवायला अंधारातला नमुना आणि नुसत्या प्रकाशाचा नमुना पुरत नाहीत. संकुल आधी पूर्ण प्रकाशित करा, आर्गॉनने एनओ उडवून लावा आणि ते ‘रिकामं’ द्रावण अंधारात पेशींना द्या. धातूच्या उरलेल्या भागाची विषारीपणातली भूमिका यातून कळते. सोबत तेवढ्याच सांद्रतेच्या नायट्राइटचा एक नमुना ठेवा. एलईडीखाली ताटली तापत असेल तर अंधारातला नमुनाही त्याच तापमानाला ठेवा, कारण ३७ ऐवजी ४० अंशाला एनओ उष्णतेनेच सुटू लागला तर तो प्रकाशाच्या खात्यावर जमा होतो. डीएमएसओ या द्रावकातलं मूळ द्रावण छोट्या काळ्या नळ्यांत वाटून गोठवा. एकच बाटली रोज उघडली तर आठवड्याभरात त्यात नायट्रोसिल, नायट्रो आणि डीएमएसओ बांधलेलं संकुल असं मिश्रण होऊन बसतं, आणि सोमवारचा आकडा शुक्रवारच्या आकड्याशी का जुळत नाही याचा शोध एलईडीत घेतला जातो.